होम प्लेटमागची अंबक्का

अंबुबाई पवार वयाच्या सोळाव्या वर्षापासून सत्ताविसाव्या वर्षापर्यंत होम प्लेटच्या मागे उकिडव्या बसल्या. सॉफ्टबॉलमध्ये बॅट मारणारीच्या मागची ती जागा कॅचरची. तोंडावर जाळी, छातीला पॅड, हातात जाड ग्लोव्ह, आणि पिचरने टाकलेला जो चेंडू बॅटला चुकेल तो झेलायचा. राज्याच्या संघातून त्या चार वेळा राष्ट्रीय स्पर्धांना गेल्या, पण त्यांच्या बॅटिंगचं कौतुक कधी कुणी केलं नाही. नवव्या नंबरावर यायच्या आणि बहुतेकदा तीन स्ट्राइक खाऊन, म्हणजे तीनदा चुकून बाद होऊन, परत जायच्या. मात्र या अकरा वर्षांत त्यांनी हजारो मुलींना हातभर अंतरावरून बॅट फिरवताना पाहिलं. मैदानातले बाकीचे सगळे बॅटकडे बघत. अंबुबाईंच्या डोळ्यांसमोर असायचे ते मारणारीचे गुडघे, टाचा आणि कंबर. कोणती पोरगी आता मारणार आणि कोणती चुकणार, हे त्यांना चेंडू येण्याआधीच कळायला लागलं होतं.

पुढे खेळ सुटला. लग्न जमलं नाही, आणि नंतर त्यांनीच तो विषय मिटवून टाकला. थोरले भाऊ मानसिंगअण्णा यांचं चिकपेटच्या एका बोळात साड्यांचं घाऊक दुकान होतं. तिथं काउंटरवर त्या उभ्या राहिल्या. पवारांचं घराणं फौजेबरोबर बेंगळुरात आलं त्याला साडेतीनशे वर्षं झाली, असं अण्णा गिऱ्हाइकांना हौसेनं सांगत. घरात मराठीच चाले, पण तिच्यात कन्नड इतकी मुरलेली की पुण्याकडचा माणूस दोन वाक्यं ऐकून थबके. दुकान साडेदहाला उघडायचं. त्याआधी, सकाळी सहा ते साडेआठ, अंबुबाई जयनगरजवळच्या एका शाळेच्या मैदानावर मुलींना सॉफ्टबॉल शिकवत. एकवीस वर्षं त्यांचा हाच क्रम होता. मुली त्यांना अंबक्का म्हणत.

गेल्या सप्टेंबरात एका सकाळी उमाकांत देवस्थळी आपल्या मुलीला घेऊन मैदानावर आले. मूळचे सांगलीचे, विमानांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत इंजिनिअर, राहायला एचएसआर लेआउटला. मुलगी वल्लरी, चौदा वर्षांची, उंच, खांद्याला बॅटची पिशवी. आदल्या वर्षापर्यंत ती शाळेच्या संघात सगळ्यांत जोरात मारायची. त्या वर्षी जानेवारीपासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. दोन प्रशिक्षक झाले होते. एकानं कोपर वर धरायला सांगितलं, दुसऱ्यानं खाली. कुणी मनगट सैल ठेव म्हणालं, कुणी घट्ट. उमाकांतरावांनी स्वतः अभ्यास करून टॅबलेटवर तिच्या स्विंगचे एकशे चाळीस व्हिडिओ जमवले होते आणि प्रत्येकावर रेघा मारून कोन काढले होते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सतरा वर्षांखालच्या राज्य संघाची निवड चाचणी होती. हातात सात आठवडे होते.

अंबुबाईंनी टॅबलेटवरचे दोन-तीन व्हिडिओ पाहिले, मान हलवली आणि तो परत दिला. मुलीला मारायला लावूया, म्हणाल्या.

आधी टी ठेवली. टी म्हणजे कमरेएवढा रबरी खांब. त्याच्यावर चेंडू ठेवून मारायचा. वल्लरीनं पाच चेंडू मारले आणि पाचही जाळीवर दणादण आदळले. मग अंबुबाईंनी संहिताला बोलावलं. संहिता त्यांची पिचर. आनेकलच्या एका कारखान्यातल्या कामगाराची मुलगी, रोज पहाटेच्या बसनं यायची आणि हाताचा पूर्ण फेरा घेऊन असा चेंडू टाकायची की समोरच्या मुलीला विचार करायला अर्धा सेकंदही मिळू नये. अंबुबाई होम प्लेटच्या मागे जाऊन उकिडव्या बसल्या. डॉक्टरांनी त्यांना असं बसायला मनाई केली होती, पण उभ्यानं त्यांना हवं ते दिसत नसे.

संहितानं तीन चेंडू टाकले. वल्लरी तिन्ही चेंडूंना चुकली. अंबुबाईंना चौथा बघायची गरज वाटली नाही. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, मुलीजवळ गेल्या आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कुठं लागलं होतं तुला?"

वल्लरीनं आधी बाबांकडे पाहिलं. ते दूर जाळीपाशी वहीत काही लिहीत होते.

"बरगडीला," ती म्हणाली. "जानेवारीत, मॅचमध्ये. घरी सांगितलं नाही. आईनं खेळणं बंद केलं असतं."

आठ दिवस ती एका कुशीवर झोपली होती. काळंनिळं झालेलं कुणाला दिसू नये म्हणून घरातही आतून बनियन घालत होती. मग डाग गेला, दुखायचंही थांबलं, आणि ती स्वतःच ते विसरली. फक्त डावा पाय विसरला नव्हता. वल्लरी उजव्या हाताची. बॅट फिरवताना डावा पाय पिचरच्या दिशेनं सरळ पुढं पडायला हवा. वेगानं चेंडू आला की तो पाय बाजूला, तिसऱ्या बेसकडे पळत होता. पाऊलभर अंतर होतं. वरवर बघणाऱ्याला ते जाणवलंही नसतं.

अंबुबाईंनी त्या दिवशी तिला एवढंच समजावून सांगितलं की बॅट हातांनी फिरत नाही. आधी पुढचं पाऊल टेकतं, त्याच्यावर कंबर वळते, कंबरेमागून खांदे येतात आणि हात सगळ्यांत शेवटी. पाऊलच बाहेर पळालं की कंबर वेळेआधी उघडते, जोर हवेत जातो, आणि रिकाम्या जोरानं हात बॅट ओढत बसतात. लोक इतके दिवस तिचे हात दुरुस्त करत होते. हातांचा काही दोष नव्हता.

"कोपर, मनगट, सगळं सोड आता," त्या म्हणाल्या. "सरी? कळलं ना? पाय एवढाच तुझा अभ्यास."

पहिला आठवडा त्यांनी सरळ मार्गानं काढला. चुन्यानं जमिनीवर रेघ आखली आणि डावं पाऊल त्या रेघेवरच टाकायला सांगितलं. वल्लरी मन लावून करायची. हळू टाकलेल्या चेंडूला पाऊल रेघेवर पडायचं. संहितानं वेग वाढवला की रेघेला सोडून बाहेर जायचं. रोज साठ-सत्तर चेंडू झाले आणि रोज तेच. शुक्रवारी वल्लरीनं बॅट जमिनीवर टेकवली आणि म्हणाली की तिला रेघ दिसते, कळते, तरी पाय ऐकत नाही.

त्या दिवशी दुकानात साड्यांच्या घड्या घालताना अंबुबाईंच्या डोक्यात तेच घोळत होतं. पाय ऐकत नव्हता कारण त्याच्या दृष्टीनं तो शहाणपणाच करत होता. चेंडू अंगावर येतोय तर पळायलाच हवं. पळू नको म्हणून त्याला कितीही सांगितलं तरी तो कशाला ऐकेल? त्यापेक्षा पळायची वेळ आली तर कुठं पळायचं, हे त्याला शिकवायला हवं होतं. कॅचर म्हणून त्यांनी कितीतरी जुन्या खेळाडूंना चेंडू अंगावर घेताना पाहिलं होतं. त्या बाहेर उडी मारत नसत. डावा खांदा आत घ्यायचा, हनुवटी छातीला लावायची, बॅट खाली आणि पिचरकडे पाठ. पाठीच्या जाड मांसावर चेंडू लागला की चटका बसतो, पण बरगडी शाबूत राहते. आणि असं आत वळायला पाऊल जागेवरच असावं लागतं.

शनिवारी त्यांनी टेनिसच्या चेंडूंची पिशवी आणली. वल्लरीला हेल्मेट घालायला लावलं, वीस पावलांवर उभ्या राहिल्या आणि एकामागून एक चेंडू तिच्या अंगावर मारायला लागल्या. वळ, म्हणाल्या, आत वळ. पहिले दहा-बारा चेंडू वल्लरी उडी मारून चुकवत राहिली. मग एक पाठीवर घेतला. मग आणखी दोन. चौथ्याला ती हसली.

नेमके तेव्हाच उमाकांतराव तिला न्यायला आले. त्यांना दिसलं ते एवढंच की पन्नाशीची एक बाई त्यांच्या मुलीला चेंडू फेकून मारतेय आणि मुलगी पाठ वळवून उभी आहे. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी अंबुबाईंना विचारलं की हे कोणत्या पद्धतीत बसतं, त्यांनी स्वतः कधी बॅटिंगमध्ये काही केलं होतं का. अंबुबाईंनी खरं ते सांगितलं: काही नाही, नवव्या नंबरावर यायचे. उमाकांतरावांनी मान डोलावली, पिशवी उचलली आणि मुलीला गाडीत बसवून घेऊन गेले.

रविवारी, सोमवारी, मंगळवारी वल्लरी आली नाही. अंबुबाईंनी फोन केला नाही. मानसिंगअण्णांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले की बरंच झालं, आता तरी गुडघ्यांचं बघ, दुसऱ्यांच्या पोरींसाठी किती दिवस पाय झिजवणार आहेस. अंबुबाईंनी ऐकून घेतलं आणि बुधवारी पहाटे नेहमीच्या वेळी मैदान गाठलं. बाकीच्या अकरा मुली होत्या. तरी संहिता पिचिंग करत असताना त्यांची नजर दोन-तीनदा फाटकाकडे गेली.

गुरुवारी दुपारी चिकपेटच्या बोळात गर्दीतून वाट काढत उमाकांतराव दुकानात आले. काउंटरवर दोन बायका रेशमी साड्या उलगडून बघत होत्या. ते बाजूला उभे राहिले. बायका गेल्यावर त्यांनी टॅबलेट बाहेर काढला, आणि मग न उघडताच काउंटरवर ठेवला.

शनिवारी गाडीतच वल्लरीनं त्यांना बरगडीचं सांगितलं होतं. जानेवारीतलं, आठ महिन्यांनी. नयनानं, तिच्या आईनं, ते ऐकून दिवसभर कुणाशी बोलणं टाकलं. उमाकांतराव मात्र रात्री व्हिडिओ घेऊन बसले. अंबुबाईंचं चुकतंय हे त्यांना पुराव्यानिशी दाखवायचं होतं.

"एकशे चाळीस व्हिडिओ आहेत माझ्याकडे," ते म्हणाले. "सगळे झूम करून काढलेले, हात आणि बॅट नीट दिसावी म्हणून. एकातही पाय नाहीत, अंबक्का."

अंबुबाईंनी दुकानातल्या मुलाला दोन कॉफी सांगितल्या.

मग उमाकांतरावांनी नयनाच्या फोनमधला गेल्या वर्षीचा एक व्हिडिओ दाखवला. घरच्यांना पाठवायला तिनं सहज काढलेला, पूर्ण मैदान दिसणारा. त्यात वल्लरीचा डावा पाय पिचरकडे सरळ पडत होता आणि चेंडू तारेच्या कुंपणापर्यंत गेला होता. ते म्हणाले की त्यांनी मुलीला चार महिने कोपराचे कोन शिकवले. तिला काय होतंय, हे एकदाही विचारलं नाही. हे बोलताना ते कपाकडे बघत होते. अंबुबाईंनी त्यांना सांगितलं की उरलेले पाच आठवडे त्यांनाही वाया घालवायचे नाहीत, आणि त्यांचा स्वतःचा खांदा आता रोज दोनशे चेंडू फेकण्याजोगा राहिलेला नाही.

"उद्यापासून तुम्ही फेका," त्या म्हणाल्या. "बापानं फेकलेलं तिला जास्त लवकर समजेल."

असे उमाकांतराव रोज सकाळी सहा वाजता, ऑफिसच्या कपड्यांवर जुने बूट चढवून, मुलीच्या अंगावर टेनिसचे चेंडू फेकायला लागले. पहिल्या दिवशी त्यांचे चेंडू इतके मऊ यायचे की वल्लरीला ते झेलता आले असते.

"बाबा, जोरात टाका," ती म्हणाली. "अशानं काही उपयोग नाही."

त्यांनी हात मागे नेला आणि जोरात टाकला. तिनं खांदा आत घेतला, हनुवटी खाली केली आणि चेंडू पाठीवर धप्पकन लागू दिला. पाऊल जागेवर होतं. अंबुबाई दुकानातून आणलेल्या बुटक्या स्टुलावर होम प्लेटमागे बसून फक्त ते पाऊल बघत होत्या.

दहा दिवसांनी खऱ्या चेंडूची पाळी आली. संहिताचे पहिले काही चेंडू ठीक गेले, मग एक हातातून निसटला आणि वल्लरीच्या डाव्या खांद्याच्या फऱ्यावर बसला. आवाज जाळीपर्यंत आला. उमाकांतराव धावले, पण अंबुबाईंनी हात आडवा करून त्यांना थांबवलं. वल्लरीनं खांदा गोल फिरवला, डोळ्यांतलं पाणी मनगटानं पुसलं आणि बॅट उचलली. ती वळली होती, अगदी शिकवल्याप्रमाणे. लागलं, पण मोडलं काही नाही.

संहिता मात्र घाबरली. पुढचे सहा चेंडू तिनं मुद्दाम लांबून, बाहेरच्या बाजूनं टाकले. वल्लरी चालत तिच्याजवळ गेली. तिची कन्नड शाळेपुरती. त्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये तिनं संहिताला सांगितलं की आतल्या बाजूनंच टाक, पुन्हा तिथंच टाक, आणि स्वल्प जोरात. संहितानं अंबक्कांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

पुढचा चेंडू आत आला, छातीच्या रेषेत. वल्लरीचं डावं पाऊल सरळ पुढं पडलं. टाच टेकली, कंबर वळली, आणि बॅट इतक्या उशिरा आली की चेंडू हँडलजवळ लागून पायाशी पडला. वाईट फटका होता. अंबुबाई स्टुलावरून उठल्या आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. एकवीस वर्षांत मुलींनी त्यांना फटक्यासाठी टाळ्या वाजवताना क्वचितच पाहिलं होतं.

उरलेल्या तीन आठवड्यांत स्विंग छोटा करायचं काम होतं. पाय पळायचा त्या काळात हातांना लांबून वळसा घालायची सवय लागली होती. अंबुबाईंनी वल्लरीला शाळेच्या भिंतीसमोर एका बॅटच्या अंतरावर उभं केलं आणि भिंतीला न लागता बॅट फिरवायला सांगितली. हात अंगाजवळून आले तर बॅट सुटते, लांबून आले तर भिंतीवर आपटते. पहिल्या दिवशी पंचवीसपैकी बावीस वेळा आपटली. बॅटच्या टोकाचा रंग उडाला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पंचवीसपैकी दोनदा. घरी, जेवणाआधी, ती हॉलच्या भिंतीसमोर लाटणं घेऊन तेच करायची. नयनानं एकदा भिंतीवरच्या खुणा पाहिल्या आणि जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा मैदानावर आली आणि बाकावर बसून सगळं बघून गेली.

चाचणीच्या दिवशी राज्यभरातून साठेक मुली आल्या होत्या. प्रत्येकीला तीन वेळा बॅटिंग मिळणार होती. पहिल्या वेळी वल्लरी तीन चेंडूंत परतली. तिन्ही वेळा बॅट फिरवली, तिन्ही वेळा चुकली. ती बाकावर येऊन बसली. अंबुबाई जाळीच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी खुणेनं फक्त खाली, पायांकडे बोट दाखवलं आणि अंगठा वर केला.

दुसऱ्या वेळी समोर मंगळूरची एक दणकट पिचर होती. तिचा पहिलाच चेंडू आत, अंगावर आला. वल्लरी आत वळली. चेंडू जर्सीला घासून मागे गेला की नाही याबद्दल पंचांनी क्षणभर विचार केला आणि लागला नाही असं धरून नुसता 'बॉल', म्हणजे चुकीचा चेंडू, दिला. अशा चेंडूनंतरचा चेंडू बाहेरच्या बाजूनं आला की आधीचे आठ महिने वल्लरीचा पाय पळून गेलेला असायचा आणि बॅट तिथवर पोचायची नाही. चेंडू बाहेरच्याच बाजूनं आला, खाली. पाऊल सरळ पडलं. बॅट अंगाजवळून निघाली, पुढं जाऊन चेंडूला भिडली, आणि चेंडू दुसऱ्या बेसवरच्या मुलीच्या डोक्यावरून मोकळ्या जागेत जाऊन पडला. वल्लरी घसरावं न लागता, उभ्यानं दुसऱ्या बेसवर पोचली.

तिसऱ्या वेळी तिनं जोरात मारलं, पण थेट दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपच्या हातात.

संध्याकाळी यादी लागली. पंधरा नावांत संहिता होती. वल्लरी राखीव खेळाडूंत पहिली. राखीव म्हणजे कुणाला दुखापत झाली तर बोलावणं, नाहीतर घरीच. उमाकांतराव यादी दोनदा वाचून आले आणि निवड करणाऱ्यांना भेटतो म्हणाले. एकदा बोलून बघायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

"त्यांनी बघितलं ते बरोबर बघितलं," अंबुबाई म्हणाल्या. "तीनमध्ये एक."

वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, थोडं प्यायली आणि बाबांना म्हणाली की नको, कुणाला भेटू नका. मग ती अंबक्कांकडे वळली.

"पहिल्या तीन चेंडूंना काय चुकलं?"

"उजवा खांदा पडत होता तुझा. पाय बरोबर होते. खांदा खाली गेला की बॅट चेंडूच्या खालून जाते."

"मला कळलं नाही."

"तुला कसं कळणार? मागून दिसतं ते."

वल्लरीनं बॅट पिशवीतून पुन्हा काढली, तिथंच रस्त्याच्या कडेला पाऊल टाकून दोनदा हळूच फिरवून पाहिली, उजवा खांदा कुठं जातो ते बघत. उमाकांतराव गाडीचं दार उघडून थांबले होते. तिनं विचारलं की खांद्याला किती दिवस लागतील. अंबुबाई म्हणाल्या की पायाइतके लागणार नाहीत, उजव्या खांद्याला कधी काही लागलेलं नाही. मग त्यांनी सांगितलं की सोमवारी संहिता राज्य संघाच्या शिबिराला जाईल, तेव्हा दुसरी पिचर शोधायला हवी, आणि वल्लरीनं सहाला पंधरा मिनिटं असतानाच यावं, टी लावून ठेवावी.

सोमवारी अंबुबाई पावणेसहाला पोचल्या तेव्हा टी लावलेली होती आणि वल्लरी एकटीच, सातवा चेंडू तिच्यावर ठेवत होती.